पंगतीतली दोन पाने

कुही हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून आग्नेयेस चाळीसएक किलोमीटरवर ते वसले आहे. या तालुक्याच्या पूर्वेला अंभोरा येथे कन्हान नदी वैनगंगेला मिळते. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये याच तीरावर लिहिला गेला, असे विदर्भातील परंपरा सांगते. मराठवाड्यातील अंबाजोगाईकरही तो मान आपल्याकडे घेतात. हा वाद पंडितांनी सोडवावा. मला मात्र एवढेच वाटत आले आहे की, मराठीतील आद्य तत्त्वग्रंथाच्या नावात 'विवेक' हा शब्द यावा, आणि त्याच नदीकाठच्या एका गावात माझ्या स्वतःच्या विवेकाची परीक्षा होऊन मी तीत नापास व्हावे, यात नियतीचा काही संकेत असावा.

ही गोष्ट १९७० नंतरच्या दशकातली आहे. मी तेव्हा तालुक्यातल्या एका शाळेत तरुण शिक्षक होतो. शाळेचा कबड्डीचा संघ घेऊन मी एका खेडेगावी सामन्यांसाठी गेलो होतो. मुले जिवाच्या आकांताने खेळली आणि अंतिम सामना जिंकली. संध्याकाळी यजमान गृहस्थांच्या अंगणात जेवणाची व्यवस्था होती. पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी असा बेत होता. मुले हातपाय धुऊन आली, तेव्हा माझ्या लक्षात आले की पंगत एका ओळीत आहे आणि दोन पाने तेवढी गोठ्याच्या भिंतीलगत, वेगळी मांडलेली आहेत. ती कोणासाठी, हे कोणी बोलले नाही. आमच्या संघातील दोन मुले बौद्ध कुटुंबांतली होती. त्यांतल्या एकाने त्या दिवशी सर्वाधिक गुण मिळवले होते.

संघाचा कप्तान माझ्याकडे पाहू लागला. तो कोणत्या समाजाचा होता, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. एवढे खरे की तो पंगतीत बसला नव्हता आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता. शेवटची एस. टी. गाठायची होती. मुले सकाळपासून उपाशी होती. यजमान वयाने वडीलधारे होते आणि पुढल्या वर्षीही आम्हाला बोलावणार होते. मी म्हणालो, "बसा रे, जेवून घ्या, उशीर होतो आहे." आणि त्या दोघांना मी हातानेच भिंतीकडची जागा दाखवली. त्यांतला एक म्हणाला, "आम्ही अठीच बरे आहो, गुरुजी." सर्व जण जेवले. एस. टी. मिळाली. ढाल शाळेच्या कपाटात गेली.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका महाविद्यालयीन फुटबॉल संघाची हकीकत माझ्या वाचनात आली आणि ती पंगत पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. ती हकीकत वाचकांना सांगावी आणि तिच्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करावा, यासाठी हा लेख. प्रश्न असा: ज्या अन्यायाचे आपण कर्ते नाही, त्या अन्यायाच्या ताटातले आपल्या वाट्याचे अन्न आपण घ्यावे काय?

नऊ सामने, नऊ विजय

कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५५ साली स्थापन केलेल्या एका लहान शाळेतून वाढलेले कॅथलिक विद्यापीठ. तेथील फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो, तो हाती घेऊन धावायचे असते, आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडायचे असते. या खेळात एकट्याचे शौर्य फार पुढे जात नाही. धावणारा धावतो तेव्हा त्याच्या वाटेतील माणसे त्याच्याच सोबत्यांनी आपल्या देहाने अडवून धरलेली असतात. पुढील विवेचनासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९५१ च्या हंगामात जो कुहारिच हे या संघाचे प्रशिक्षक होते. संघातील दोन खेळाडू कृष्णवर्णीय होते. ओली मॅटसन हा टेक्सासात जन्मलेला धावपटू. बर्ल टोलर हा टेनेसीतील मेम्फिसचा, बचावफळीचा आधारस्तंभ. दोघेही आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात एकत्र खेळले होते. बाकीच्यांत जिनो मार्केटीसारखा, दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या रणांगणावर लढून आलेला तरुण होता. बहुतेक मुले कामकरी घरांतील होती.

या संघाने त्या हंगामात नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी फोर्डहॅम या दुसऱ्या येशूसंघीय विद्यापीठाला ३२-२६ असे हरवले. कॉलेज ऑफ द पॅसिफिकच्या बलाढ्य संघाचा ४७-१४ असा पाडाव केला. शेवटी लॉस एंजेलिसच्या लॉयोला विद्यापीठावर २०-२ असा विजय मिळवला. मॅटसनने हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली. त्या वर्षी देशातील कोणत्याही महाविद्यालयीन खेळाडूने त्याहून अधिक मजल मारली नाही. या एका संघातील तीन खेळाडूंना, मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर यांना, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या गौरवदालनात स्थान मिळाले. एका महाविद्यालयाच्या एकाच संघाला एवढे यश लाभणे हे नवलच.

अमेरिकेत हंगाम संपल्यावर नववर्षाच्या सुमारास निवडक संघांना 'बाऊल' नावाच्या मोठ्या सामन्यांसाठी निमंत्रणे जातात. वाडग्याच्या आकाराच्या प्रचंड क्रीडागारांवरून ते नाव पडले. तेथे मान मिळतो आणि पैसाही मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाला फुटबॉलचा खर्च झेपेनासा झाला होता. या पैशाची त्याला फार गरज होती. परंतु ऑरेंज, शुगर आणि गेटर हे बाऊल देशाच्या दक्षिण भागात होत, आणि तेथे त्या काळी गोऱ्या-काळ्यांनी एका मैदानावर खेळणे बहुतेकांना खपत नसे. संघातील खेळाडूंनी पुढे सांगितलेली हकीकत अशी: मायामीच्या ऑरेंज बाऊलला जाता येईल, मात्र मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवावे लागेल, अशी अट त्यांच्यापुढे आली. प्रशिक्षकांनी ती मुलांना सांगितली. मुलांनी नकार दिला. मतदान झाले नाही, वादविवादही झाला नाही. आम्ही सगळे जाऊ, नाहीतर कोणीच जाणार नाही, असा त्यांचा भाव होता.

ते गेले नाहीत. १ जानेवारी १९५२ रोजी ऑरेंज बाऊलचा सामना ठरल्याप्रमाणे झाला. जॉर्जिया टेकने बेलर विद्यापीठाला १७-१४ असे हरवले. प्रेक्षक आले, बँड वाजला, कोणाचे काही अडले नाही. इकडे हंगाम संपताच विद्यापीठाने तोट्यापायी फुटबॉलचा संघच बंद केला. नऊ विजयांचे फळ ते हेच.

ताळेबंद

प्रथम जे गेले असते तर बरे, असे म्हणतील त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ती दुबळी नाही.

ते म्हणतील, वर्णभेदाचा कायदा या मुलांनी केला नव्हता. त्यांच्या न जाण्याने तो रतिभरही ढळला नाही. उलट ती गेली असती, तर मिळालेल्या पैशातून कदाचित संघ टिकला असता आणि पुढल्या वर्षी आणखी चार गरीब मुलांना, त्यांत कृष्णवर्णीयही आले असते, शिष्यवृत्ती मिळाली असती. ज्यांच्यापाशी या खेळाखेरीज दुसरी पुंजी नव्हती, त्या इतर मुलांचे भवितव्यही जोखायला हवे. दोघांच्या मानासाठी तीसजणांनी नुकसान सोसावे, हा कोणता न्याय? आणि त्या दोघांनीच मोठ्या मनाने "तुम्ही जा, आमच्यासाठी थांबू नका" असे म्हटले असते तर?

कुहीच्या त्या संध्याकाळी माझ्या मनातही अगदी हाच ताळेबंद होता. एस. टी., भूक, वडीलधारे यजमान, पुढल्या वर्षीचे आमंत्रण. ही कारणे खोटी नव्हती. खोटी कारणे माणसाला फार काळ फसवू शकत नाहीत, कारण त्यांची त्याला आतून लाज वाटते. माणूस फसतो तो खऱ्या कारणांनी.

मग या युक्तिवादात उणीव कोठे आहे?

आपल्या ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभागाविषयी फार बारकाईने विचार झालेला आहे. अठराव्या शतकातील संत आल्फोन्सस लिगोरी यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. विचार साधारणपणे असा आहे. एखादा गाडीवान बाजारात धान्य पोहोचवतो आणि ते चोरीचे होते, हे त्याला मागाहून कळते. त्याच्या हातून चोरीला साहाय्य झाले, पण त्याचा तो हेतू नव्हता. दुसरा गाडीवान चोर कोठारात असताना दाराशी पहारा देतो. त्याने एक दाणाही उचलला नाही, तरी चोरी त्याचीही झाली. अन्यायाने भरलेल्या जगात पहिल्या प्रकारचा सहभाग कोणालाच सर्वस्वी टाळता येत नाही. आपण घालतो ते कापड, खातो तो तांदूळ कोणाच्या घामातून आला, याचा पूर्ण हिशेब आपल्यापाशी नसतो. दुसऱ्या प्रकारचा सहभाग मात्र टाळता येतो, आणि टाळलाच पाहिजे.

आता ऑरेंज बाऊलची अट या कसोटीवर घासून पाहा. त्याच हंगामात, २० ऑक्टोबर १९५१ रोजी, ओक्लाहोमातील एका सामन्यात ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याच्या तोंडावर प्रतिपक्षाच्या गोऱ्या खेळाडूने चेंडू त्याच्यापाशी नसताना प्रहार करून त्याचा जबडा मोडला. त्या प्रसंगाच्या छायाचित्रांना पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेथे अन्याय करणारा हात स्पष्ट दिसतो. ऑरेंज बाऊलच्या अटीत असा कोणाचाच हात उगारायला नको होता. दोन नावे खोडायची होती, आणि ती खोडायची होती त्यांच्याच सोबत्यांनी, आपल्या लेखणीने. निमंत्रकांनी अन्याय केला आणि या मुलांनी केवळ तो सोसला, असे झाले नसते. अन्यायाचे प्रत्यक्ष काम निमंत्रकांनी या मुलांकडे सोपवले होते आणि त्याची मजुरी म्हणून बाऊल देऊ केला होता.

अन्याय करण्यापेक्षा तो सोसणे बरे, असे सॉक्रेटिस म्हणत असे. त्याच्या समकालीनांना हे वेड्याचे बोलणे वाटले. पण त्यामागील विचार साधा आहे. सोसलेला अन्याय माणसाच्या घराला, पैशाला, फार तर देहाला लागतो. केलेला अन्याय त्याच्यासोबत घरी येतो आणि आयुष्यभर त्याच्याच ताटात जेवतो.

मी स्वतःशी कैक वर्षे असे म्हणत आलो की पाने मांडली यजमानांनी. ते खरे आहे. पण त्या दोन मुलांना भिंतीकडची जागा हाताने दाखवली ती मी.

अंत्योखची पंगत

पंगतीचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. तो ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौलाने अंत्योख येथील एक प्रसंग सांगितला आहे. संत पेत्र तेथे आला तेव्हा तो परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर एका पंगतीला बसून जेवत असे. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली. त्यांना हे रुचणार नाही, या भयाने पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा जेवू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्तीही तसेच करू लागले. बर्णबासारखा सज्जनसुद्धा त्या ओघात वाहून गेला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर विरोध केला.

या प्रसंगाकडे नीट पाहावे. पेत्राने कोणाला शिवी दिली नाही, कोणाला बाहेर काढले नाही. त्याने सिद्धान्त बदलला असेही नाही. तो फक्त आपले पान उचलून दुसरीकडे बसला. त्यालाही खरी कारणे असणार. पाहुण्यांचे मन दुखवू नये, समाजात फूट पडू नये, एवढ्याशा गोष्टीवरून मोठे कार्य बिघडू नये. पौलाने ती कारणे ऐकली की नाही ते पत्रात नाही. पेत्राचे वागणे शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नव्हते, एवढा त्याचा निर्वाळा आहे. जेवणाच्या जागेचा प्रश्न त्याने थेट श्रद्धेच्या गाभ्याशी नेऊन भिडवला.

आणि ज्या प्रेषितावर ख्रिस्तसभेची उभारणी झाली, त्याचे हे स्खलन पवित्र शास्त्रातून कोणी खोडून टाकले नाही, हेही विसरू नये. चुकलेल्या माणसाला त्यात आधार आहे, लपवणाऱ्याला नाही.

आपण कॅथलिकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांचा अभिमान जरूर बाळगावा, पण जपून. अमेरिकेतील येशूसंघीयांनीच १८३८ साली आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले विकली आणि त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाऊन येथील आपल्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्याकडे लावला. त्याच संघातील फादर क्लॉड हाइथाउस यांनी ११ फेब्रुवारी १९४४ रोजी सेंट लुईस विद्यापीठाच्या चर्चमध्ये वर्णभेदाविरुद्ध प्रवचन केले आणि त्याच वर्षी त्या विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. एकाच संघाच्या इतिहासात दोन्ही पाने आहेत. विद्यापीठाच्या नावात संताचे नाव असले म्हणून तेथील मुले आपोआप शहाणी होत नाहीत.

मग ही मुले शहाणी कशी झाली? वादविवाद न करता, हिशेब न मांडता, त्यांना एवढे कठीण उत्तर एका क्षणात कसे सापडले?

मला वाटते, ते उत्तर त्या क्षणी सापडलेलेच नव्हते. अॅरिस्टॉटल सांगतो की न्यायाची कृत्ये करून करूनच माणूस न्यायी होतो, जसा वीणा वाजवून वाजवून वादक होतो. उन्हाळ्याच्या तापात एकत्र घाम गाळणे, एका वाटेने घरी येणे, एका टेबलाशी बसणे, आणि धावणाऱ्यासाठी आपला देह मध्ये घालणे, हे त्यांनी शेकडो वेळा केलेले होते. मॅटसन धावला तेव्हा त्याची वाट त्यांनी मोकळी केली होती. टोलरने आपल्या बाजूच्या माणसाची चूक आपल्या खांद्यावर झेलली होती. नऊ विजयांतून त्या दोघांचे विजय वेगळे काढून बाजूला ठेवणे त्यांना शक्यच नव्हते. दोन नावे खोडल्यावर जो संघ मायामीला गेला असता, तो हे नऊ सामने जिंकलेला संघ नव्हता. न मिळवलेला मान घ्यायला जाणे, हेही एक असत्यच.

सदसद्विवेकबुद्धी ही परीक्षेच्या दिवशी उघडायची पोथी नाही. माझी अडचण हीच होती. मैदानावर मी मुलांना डाव शिकवले होते, श्वास धरायला शिकवले होते. परंतु त्या पंगतीपूर्वी मी स्वतः त्या दोन मुलांच्या घरी एकदाही पाणी प्यालो नव्हतो. प्रसंग आला तेव्हा माझ्या हाताला ज्या दिशेची सवय होती, त्याच दिशेला तो वळला.

कोणी उठावे?

एक प्रश्न अजून उरतो. ज्यांचा अपमान होतो त्यांनी स्वतः हरकत घेतली नाही, तर इतरांनी घ्यावी काय? आणि घेतली तर त्यात उपकाराचा दर्प येत नाही काय?

महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. पालवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे श्रेष्ठ गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण ते चर्मकार समाजातले. पुण्यात त्यांचे सवर्ण सोबती त्यांना मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. चेंडू मात्र त्यांच्याच हातून घेत. योग्यता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांना डावलले गेले, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला. मग तडजोड झाली आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. १९२३ साली विठ्ठल त्या संघाचे कर्णधार झाले. येथे उठले ते सख्खे भाऊ. उरलेला संघ तेव्हा बसून राहिला होता.

आणि नागपूरकरांना तर सांगायलाच नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. पंगतीतल्या कोणीतरी आपल्यासाठी उठावे, याची वाट पाहणे त्या समाजाने सोडून दिले आणि तो स्वतःच उठून गेला. माझ्या संघातील ती दोन मुले त्याच लोकांची. त्यांना माझ्या दयेची गरज नव्हती.

मग त्यांतला एक "आम्ही अठीच बरे आहो" असे का म्हणाला? मी वर्षानुवर्षे त्या वाक्यात आपल्यासाठी पळवाट शोधली. त्यालाच चालत होते, मग मी कोण? परंतु अपमानिताची संमती ही पुष्कळदा अपमानानेच घडवलेली असते. तो माझी अवघड जागा ओळखून मला सोडवत होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या गुरुजींची लाज राखली. मॅटसन आणि टोलर यांनी "तुम्ही जा" असे म्हटले असते, तर तो त्यांच्या मनाचा मोठेपणा ठरला असता. इतरांना जाण्याचा परवाना ठरला नसता. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आपला हक्क सोडावा, हे औदार्य. त्याने सोडलेला हक्क आपण उचलून खिशात घालावा, हे औदार्य नव्हे.

म्हणूनच त्या मुलांच्या नकाराला मी त्याग म्हणत नाही. त्याग म्हटले की त्या दोघांवर तीसजणांच्या उपकाराचे ओझे पडते. त्या मुलांनी कोणावर उपकार केला नाही. आपल्या संघाविषयी जे सत्य होते ते त्यांनी खोटे पडू दिले नाही. पंगतीतून उठणारा मनुष्य वेगळ्या बसवलेल्यासाठी उठत असेलही. पण तो स्वतःसाठीही उठतो. ती पंगत खोटी आहे हे कळल्यावर त्याला घास गिळवत नाही.

पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्य पदक मिळवले. टोलरचा गुडघा त्याच वर्षी एका सामन्यात मोडला आणि त्याचे खेळणे संपले. तो शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ साली अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. २००० साली अमेरिकेच्या सिनेटने या संघावर झालेल्या अन्यायाची ठरावाने नोंद घेतली. टोलर २००९ मध्ये आणि मॅटसन २०११ मध्ये निवर्तले. ४९ वर्षांनी आलेल्या ठरावाने तो नकार योग्य ठरला, असे मात्र कोणी समजू नये. ठराव आला नसता, त्यांची नावे कोणाला ठाऊकही झाली नसती, तरी तो नकार तितकाच योग्य होता.

आपल्या ख्रिस्तसभेतही पाने वेगळी मांडली जातात. भारतीय कॅथलिक धर्माध्यक्षांनी २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना ख्रिस्तसभेतील जातिभेदाची उघड कबुली दिली आहे. सोयरीक जुळवताना, सणाच्या समितीवर नावे घालताना, दफनभूमीतील जागा ठरवताना आपल्या धर्मग्रामात काय होते, हे वाचकांनी आपापल्या घरी बसून आठवावे. रविवारच्या मिस्साबलिदानात आपण ज्या मेजाशी जातो, तेथे दोन ओळी नाहीत. दाराबाहेर आल्यावर त्या कशा तयार होतात, आणि त्या तयार होताना आपला हात कोणत्या दिशेला वळतो?

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या बसस्थानकावर त्या दोघांपैकी एक मला भेटला. केस पांढरे झालेले, पण चाल तीच. त्याने वाकून नमस्कार केला. तोही शिक्षक झाला होता आणि शाळेचे संघ घेऊन गावोगाव जात असे. मी धीर करून त्या संध्याकाळचा विषय काढला आणि क्षमा मागितली. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, मी मुलांचं जेवण सोबत नेतो. साऱ्यांचंच. आमची आम्ही पंगत मांडतो, अन् यजमानांनाच म्हणतो, या, बसा आमच्यासंगं." मी विचारले, "आणि ते बसतात?"

"कोणी बसते, कोणी नाही," तो म्हणाला. "पानं मात्र आम्ही त्यांचीही मांडतो."